घडाघडा वाचणाऱ्या मुलाला धडा का कळत नाही?

वाचकाचं पत्र

नमस्कार,

मी सहावी ते आठवीच्या वर्गांना विज्ञान शिकवते. यंदा सातवीचा नवा वर्ग हाती आला आणि मी हबकलेच. धडा वाचायला सांगितला की निम्मी मुलं अडखळतात. जी अडखळत नाहीत त्यांना "काय वाचलंस, सांग" म्हटलं की तीही नुसती बघत राहतात. एक मुलगा घडाघडा वाचतो, धड्याखालच्या प्रश्नांची उत्तरंही बरोबर लिहितो, पण तोच प्रश्न वेगळ्या शब्दांत विचारला की गप्प. एका मुलीची वाचायची पाळी जवळ आली की तिच्या पोटात दुखू लागतं. आणि ज्याला सगळे शिक्षक 'कच्चा' म्हणतात तो एक मुलगा मधल्या सुट्टीत विमानांवरचं जाडजूड पुस्तक वाचत बसलेला मी स्वतः पाहिला आहे.

भाषेचे शिक्षक म्हणतात, हे सगळं चौथीपर्यंत व्हायला हवं होतं. पालक म्हणतात, मोबाइलने वाट लावली. मुख्याध्यापकांनी आठवड्यातून एक वाचन तास ठरवलाय, त्यात प्रत्येकाने आपापलं पुस्तक घेऊन शांत बसून वाचायचं. वाचन कसं शिकवायचं याचं प्रशिक्षण मी घेतलेलं नाही. अभ्यासक्रम पूर्ण करायची काळजी आहेच. मी यात काही करू शकते का, की हे माझं कामच नाही?

– एक विज्ञान शिक्षिका

उत्तर

प्रिय ताई,

तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते. हो, हे तुमचंही काम आहे, आणि त्यातला काही भाग तर तुमच्याशिवाय दुसरं कुणी करूच शकणार नाही. गोष्ट वाचणं वेगळं आणि प्रकाशाचं अपवर्तन समजावणारा उतारा वाचणं वेगळं. वाक्यांची ठेवण वेगळी, शब्द वेगळे, आणि वाचताना डोक्यात जे काम चालतं तेही वेगळं. विज्ञानाचा उतारा कसा वाचायचा हे तुम्हाला पक्कं येतं. वर्षानुवर्षांच्या सवयीने ते इतकं सहज होतं की आपण काही विशेष करतोय असं तुम्हाला वाटतच नाही. मुलांना नेमकं तेच दाखवायचं आहे.

भाषेच्या शिक्षकांचं म्हणणं मला अर्धंच पटतं. वाचनाच्या अभ्यासक जीन चॉल यांनी १९८३ साली वाचनाचे टप्पे मांडले. साधारण चौथीच्या सुमारास मूल वाचायला शिकण्याच्या टप्प्यातून शिकण्यासाठी वाचण्याच्या टप्प्यात जातं, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यावरून पुष्कळ शाळांनी असा अर्थ काढला की चौथीनंतर वाचन शिकवायचं कारण उरत नाही. खरं तर इथूनच धडे अवघड होत जातात, अनोळखी शब्द वाढतात, आणि नव्याने शिकवायची गरज पडते. आपल्या लिपीचाही यात वाटा आहे. मुळाक्षरं आणि बाराखडी संपली तरी जोडाक्षरं संपत नाहीत. देवनागरीसारखीच अक्षरांची मोठी संख्या असलेल्या कन्नड लिपीत वाचायला शिकणाऱ्या मुलांचा सोनाली नाग यांनी अभ्यास केला. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात अक्षरं पक्की होण्याचं काम चौथीतही चालूच असलेलं दिसलं. तेव्हा सातवीतलं मूल 'सूक्ष्म' किंवा 'संश्लेषण' या शब्दापाशी थबकलं, तर त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. त्याला ते शिकवायला हवं, एवढाच त्याचा अर्थ.

आता तुमच्या वर्गाकडे येते. तुम्ही सगळ्यांबद्दल एकत्रच लिहिलंय, पण तुमच्या पत्रातली तिन्ही मुलं तीन वेगवेगळ्या ठिकाणी अडली आहेत. तिघांना एकच उपाय लावलात तर निदान दोघांचा वेळ वाया जाईल. फिलिप गॉफ आणि विल्यम टन्मर या अभ्यासकांनी १९८६ साली एक साधं सूत्र मांडलं, ते इथे फार उपयोगी पडतं. छापील शब्द वाचता येणं × ऐकलेली भाषा समजणं = वाचलेलं समजणं. यातला गुणाकार महत्त्वाचा आहे. दोन्हींपैकी एक जरी शून्याजवळ असेल तर दुसरं कितीही चांगलं असून गुणाकार शून्याजवळच राहतो. म्हणून कुठलाही उपक्रम सुरू करण्याआधी एवढं शोधायचं, की या मुलाचं यातलं काय कमी पडतंय?

त्यासाठी कुठली छापील चाचणी मागवायची गरज नाही. पुस्तकातल्या पुढच्या, अजून न शिकवलेल्या धड्यांमधून साधारण सारख्या अवघडपणाचे दोन उतारे निवडा, प्रत्येकी शंभर-दीडशे शब्दांचे. मुलाला एकट्याला जवळ बोलवा. पहिला उतारा त्याने तुम्हाला वाचून दाखवायचा. चुका दुरुस्त करत बसू नका, तुमच्या प्रतीवर फक्त खुणा करत जा. नंतर उतारा झाकायचा आणि विचारायचं, "यात काय काय होतं, तुझ्या शब्दांत सांग." दुसरा उतारा तुम्ही त्याला वाचून दाखवायचा आणि तसंच विचारायचं. एका मुलाला पाच-सात मिनिटं लागतील. बाकीची मुलं आकृती काढत असतील किंवा गटात प्रयोग करत असतील तेव्हा रोज दोन-तीन जण होतात. वर्ग मोठा असला तरी महिन्याभरात चित्र हाती येतं, आणि ज्यांची तुम्हाला जास्त काळजी आहे त्यांना पहिल्याच आठवड्यात घेता येतं.

ज्याने अडखळत वाचलं, पण तुम्ही वाचलेलं ऐकून नीट सांगितलं, त्याची भाषा आणि समज ठीक आहे, शब्द वाचण्यातच त्याची सगळी शक्ती खर्च होते. ज्याने सुरेख वाचलं, पण दोन्ही वेळा काही सांगता आलं नाही, त्याला उच्चारांचा सराव देऊन काही उपयोग नाही. त्याचं अडतंय ते शब्दांचे अर्थ, वाक्यांची रचना आणि विषयाची माहिती यांपाशी. काही मुलं दोन्हीकडे अडतील. घरची बोली किंवा भाषा शाळेच्या भाषेहून वेगळी असलेल्या मुलांचंही इथे लक्षात येतं. असं मूल छापलेलं वाचू शकतं, पण ऐकलेलंसुद्धा त्याला पुरतं कळत नाही. त्याला आधी भरपूर बोलायला मिळायला हवं, आणि बोलताना ते आपल्या घरच्या शब्दांत बोललं तरी चालवून घ्यायला हवं.

पोटात दुखणाऱ्या त्या मुलीला सगळ्यात आधी बोलवा. ऐकल्याशिवाय ठामपणे सांगता येणार नाही, पण माझा अंदाज असा की ती शब्दांशी झगडते आहे आणि ते झाकायला शिकली आहे. तिच्यासाठी उद्यापासून एक गोष्ट बंद करा. वर्गात पाळीपाळीने एकेक परिच्छेद मोठ्याने वाचायला लावणं. हे मी अगदी आग्रहाने सांगते. या पद्धतीत चांगलं वाचणाऱ्याला कंटाळा येतो. अडखळणारा आपला परिच्छेद कोणता येणार हे मोजत बसतो, मधलं काहीच ऐकत नाही, आणि पाळी आल्यावर सगळ्यांसमोर त्याची शोभा होते. बारा-तेरा वर्षांच्या मुलाला वर्गासमोर झालेला अपमान महिनोन्‌महिने पुरतो. धडा वर्गात वाचायचाच असेल तेव्हा तुम्ही वाचा, मुलांची बोटं किंवा नजर ओळीवर राहू दे.

पण प्रकटवाचनच सोडून द्या असं मी म्हणत नाही. या मुलीला त्याचीच गरज आहे, फक्त खासगीत आणि तयारीनिशी. तुमच्या प्रतीवरच्या खुणा बघा. ती कुठे अडली? ठरावीक जोडाक्षरांपाशी? रफारापाशी? ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी लिहिली जाते आणि नंतर उच्चारली जाते, तिथे? की शब्द लांबला म्हणजे पहिली दोन अक्षरं वाचून उरलेला शब्द अंदाजाने ठोकून देते? सातवीतल्या मुलांमध्ये हा शेवटचा प्रकार फार दिसतो, आणि विज्ञानाच्या पुस्तकात लांब शब्दांना तोटा नाही.

इथे तुमचा विषय तुमच्या मदतीला येतो, कारण विज्ञानातले लांब शब्द सहसा तुकड्यांनी बनलेले असतात. 'रक्ताभिसरण' फळ्यावर लिहा आणि रक्त, अभिसरण असं तोडून दाखवा. 'सूक्ष्मजीव', 'प्रकाशसंश्लेषण', 'गुरुत्वाकर्षण', सगळे असेच सुटतात. 'बाष्पीभवन' शिकवलंत की 'भवन' हा तुकडा ओळखीचा होतो, 'निर्जंतुकीकरण' आलं की 'करण' ओळखीचा होतो, मग 'वर्गीकरण' आणि 'विद्युतीकरण' वाचताना मूल घाबरत नाही. 'परावर्तन', 'अपवर्तन', 'परिवर्तन' हे एकाखाली एक लिहिले की सारखा भाग कुठला आणि बदलणारा कुठला हे मुलं स्वतःच शोधतात. प्रत्येक धड्याच्या सुरुवातीला असे पाच-सहा शब्द घ्या. तोडा, सगळ्या वर्गाने एका सुरात म्हणा, अर्थ सांगा, पुन्हा जोडा. पाच मिनिटांचं काम आहे. ते सगळ्या वर्गासोबत करायचं असल्यामुळे कुणाकडे बोटही दाखवलं जात नाही.

सफाईसाठी एक जुना आणि खात्रीचा उपाय आहे, तोच उतारा पुन्हा पुन्हा वाचण्याचा. एस. जे सॅम्युएल्स या अभ्यासकांनी १९७९ साली तो सविस्तर मांडला. एखादा छोटा उतारा तीन-चार वेळा, कुणी तरी ऐकत असताना आणि अडलं तिथे सांगत असताना वाचायचा. त्याने तो उतारा तर सफाईदार होतोच, पण त्यात भेटलेले शब्द पुढच्या उताऱ्यातही ओळखू येतात. अडचण एवढीच, की सातवीतल्या मुलाला "परत वाच" म्हटलं की ती शिक्षा वाटते. म्हणून परत वाचायला खरं कारण द्या. उद्याच्या प्रयोगाची कृती वर्गाला वाचून दाखवायचं काम या मुलीला आज द्या. उतारा घरी न्यायचा, सराव करायचा, सकाळी एकदा तुमच्यासमोर म्हणायचा आणि मगच वर्गासमोर उभं राहायचं. तयारीने वर्गासमोर वाचणं आणि अचानक पाळी येऊन वाचणं यांतला फरक तिच्या चेहऱ्यावर तुम्हालाच दिसेल. तिला चालत असेल तर धड्यांचं ध्वनिमुद्रण तिच्या आवाजात करा. त्यासाठी ती आपणहून पाच-सहा वेळा वाचेल.

मिनिटाला किती शब्द वाचले याचे इंग्रजीसाठी बनवलेले तक्ते तुम्हाला कुणी दाखवले तर ते बाजूला ठेवा. मराठीत शब्दयोगी अव्ययं आणि प्रत्यय शब्दाला चिकटून येतात, शब्द लांबतात, तो हिशेब इथे लागू होत नाही. मुलीची तुलना तिच्याच दोन महिन्यांपूर्वीच्या वाचनाशी करा.

आता तो घडाघडा वाचणारा मुलगा. खरं सांगायचं तर वर्गात मला सर्वांत जास्त काळजी अशा मुलांची वाटते, कारण ती कुणाच्या नजरेत येत नाहीत. प्रश्नांची उत्तरं बरोबर लिहितो, मग समजत नाही असं कसं? हे वाक्य वाचून बघा: 'गिमटं तापलं की त्याचं लुबकं होतं आणि लुबकं हलकं असल्यामुळे वर जातं.' आता प्रश्न: गिमटं तापल्यावर त्याचं काय होतं? लुबकं वर का जातं? दोन्ही उत्तरं तुम्हाला आली, पैकीच्या पैकी गुण मिळाले, आणि गिमटं म्हणजे काय हे तुम्हालाही ठाऊक नाही, मलाही नाही. मीच ते शब्द आत्ता बनवले. धड्याखालचे बरेचसे प्रश्न असेच सुटतात. प्रश्नातला शब्द धड्यात शोधायचा आणि ते वाक्य उतरवून काढायचं. या मुलाने ही युक्ती फार चांगली आत्मसात केली आहे. म्हणून तुम्ही शब्द बदललेत की त्याचा आधार जातो.

त्याच्यासाठीच जणू केलेलं एक काम आहे. ॲनमेरी पालिंक्सार आणि ॲन ब्राउन यांनी १९८४ साली सातवीच्या अशा मुलांसोबत काम केलं, ज्यांना शब्द ठीकठाक वाचता येत होते पण अर्थ लागत नव्हता. छोट्या गटात बसून उतारा तुकड्यातुकड्याने वाचायचा आणि प्रत्येक तुकड्यानंतर चार गोष्टी करायच्या. थोडक्यात काय म्हटलंय ते सांगायचं. त्यावर शिक्षक विचारेल तसा एक प्रश्न काढायचा. न कळलेला शब्द किंवा वाक्य सोडवायचं. आणि पुढे काय येईल याचा अंदाज करायचा. सुरुवातीला हे सगळं शिक्षक करून दाखवतो, मग हळूहळू एकेक मूल शिक्षकाच्या जागी बसतं. त्या मुलांचं आकलन लक्षणीय सुधारलं, आणि वर्गातल्या विज्ञानाच्या व सामाजिक शास्त्रांच्या वाचनातही ते दिसलं.

पण हे करताना एक पथ्य पाळायला हवं. या चार गोष्टींचा चार रकान्यांचा तक्ता करून मुलांना भरायला देऊ नका. तक्ता भरणं ही पुन्हा एक उतरवून काढायची कामगिरी होते. यातलं खरं औषध संभाषणात आहे. तुम्ही मोठ्याने विचार करून दाखवा. समजा पुस्तकात असं आहे: 'पाणी तापवल्यावर त्याच्या पृष्ठभागावरील कणांना ऊर्जा मिळते व ते हवेत मिसळतात. ही क्रिया कमी तापमानालाही घडते, परंतु तिचा वेग कमी असतो.' इथे थांबून म्हणा, "'ते हवेत मिसळतात', ते म्हणजे कोण? पाणी की कण? ... कण. बरं, 'ही क्रिया', कोणती क्रिया? मला मागे जावं लागतंय. हं, कणांनी हवेत मिसळण्याची. आणि 'परंतु' आलाय, म्हणजे आता काही तरी उलट सांगणार. म्हणजे न तापवताही पाणी उडून जातं, फक्त सावकाश. मग ओले कपडे सावलीतसुद्धा वाळतात ते यामुळेच असणार."

अशी वाक्यं वाचणाऱ्याच्या मनात काय चालतं, हे त्या मुलाने आजवर कधी ऐकलेलंच नाही. चांगलं वाचणारी माणसं मध्ये थांबतात, मागे जातात, 'हे' आणि 'ते' कुणाला लागतंय ते तपासतात, हे त्याला माहीतच नाही. न थांबता वाचत जाणं म्हणजेच चांगलं वाचणं, अशी त्याची समजूत झाली आहे आणि घडाघडा वाचण्याबद्दल त्याला शाबासकीही मिळत आली आहे. महिनाभर रोज फक्त एका परिच्छेदावर हे करा. 'जर-तर', 'परंतु', 'त्यामुळे', 'याउलट', 'ज्या-त्या' या शब्दांपाशी मुद्दाम थांबा, कारण विज्ञानातला निम्मा अर्थ या छोट्या शब्दांवर तोललेला असतो. मग मुलांना जोडीने करू द्या. आणि धड्याखालच्या प्रश्नांशिवाय एक तरी प्रश्न असा विचारा, ज्याचं उत्तर धड्यात शब्दशः सापडणार नाही. 'थंडीत कपडे उशिरा का वाळतात?' एवढा प्रश्नसुद्धा पुरतो.

विमानांचं पुस्तक वाचणाऱ्या मुलाने तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर तुमच्यासमोर मांडून ठेवलंय. डोना रेक्ट आणि लॉरेन लेस्ली यांनी १९८८ साली सातवी-आठवीच्या मुलांना बेसबॉलच्या खेळाचं वर्णन वाचायला दिलं. वाचनात कच्ची ठरलेली पण त्या खेळाची चांगली माहिती असलेली मुलं, वाचनात हुशार पण खेळाची फारशी माहिती नसलेल्या मुलांपेक्षा ते वर्णन जास्त चांगलं सांगू शकली. आधीची माहिती वाचनाला एवढा मोठा टेकू देते. हा मुलगा विमानांबद्दल वाचताना 'कच्चा' नसतो. त्याला दाब आणि हवेच्या प्रवाहाचा धडा विमानाच्या पंखापासून वाचायला द्या, आणि त्या दिवशी गटात समजावून सांगायचं काम त्याच्याकडे सोपवा. 'कच्चा' हा शब्द शिक्षकखोलीतून हद्दपार करता आला तर तोही प्रयत्न करा. तो शब्द मुलांपर्यंत पोचल्याशिवाय राहत नाही.

यातूनच तुमच्या रोजच्या शिकवण्यात एक बदल सुचवते, आणि या सगळ्या पत्रातला माझा सर्वांत ठाम सल्ला हाच आहे. आधी प्रयोग, मग धडा. बऱ्याच वर्गांत आधी धडा वाचून घेतात आणि वेळ उरला तर प्रयोग करतात. क्रम उलटा करा. मुलांनी थंडगार पाण्याच्या पेल्याबाहेर जमलेले थेंब बोटाने पुसले असतील, ते कुठून आले यावर भांडली असतील, आणि मग 'संघनन' हा शब्द असलेला परिच्छेद समोर आला, तर तो परिच्छेद त्यांना बराच सोपा जातो. शब्दाला लटकायला डोक्यात खुंटी तयार झालेली असते. शिवाय एकाच विषयावर दोन-तीन आठवडे राहता आलं तर पाठ्यपुस्तकाच्या जोडीला वाचनालयातली सोपी पुस्तकं, एखादा मासिकातला लेख, एखाद्या शास्त्रज्ञाची छोटी ओळख असं सगळं त्याच विषयावरचं द्या. तेच शब्द वेगवेगळ्या ठिकाणी पुन्हा भेटतात, आणि असा शब्द मग मुलाचा होतो.

मुख्याध्यापकांच्या वाचन तासाला विरोध करू नका, तो तास मिळतोय हेच चांगलं आहे. मात्र त्याचं रूप बदलून मागा. अमेरिकेतल्या राष्ट्रीय वाचन समितीने २००० सालच्या अहवालात उपलब्ध संशोधन तपासलं. कुणीतरी ऐकत आणि मदत करत असताना केलेल्या प्रकटवाचनाचा फायदा त्यांना स्पष्ट दिसला. नुसतं 'शांत बसून आपापलं वाचा' एवढ्याने वाचन सुधारतं, असं म्हणण्याइतका पुरावा मात्र त्यांना सापडला नाही. याचा अर्थ मूकवाचन वाईट आहे असा होत नाही. ज्याला वाचता येतं तो त्या तासात आनंदाने वाचतो आणि आणखी पुढे जातो. ज्याला येत नाही तो पानं उलटत बसतो, आणि दोघांतलं अंतर वाढत जातं. कीथ स्टॅनोविच यांनी १९८६ साली याच वाढत्या अंतराकडे लक्ष वेधलं होतं. म्हणून तासाची पहिली पंधरा मिनिटं कुणी तरी मोठ्या माणसाने सगळ्यांना वाचून दाखवावं. मुलं स्वतः वाचू शकतात त्याहून थोडं अवघड आणि रंजक असं काही तरी. सातवीतली मुलं मोठी झाली म्हणून त्यांना वाचून दाखवणं बंद होतं, याचं मला फार वाईट वाटतं. ऐकण्यातून त्यांना जी भाषा मिळते ती गॉफ-टन्मरच्या सूत्रातली दुसरी बाजू भक्कम करते. उरलेल्या वेळात मुलांनी आपापलं वाचावं, आणि एक-दोन शिक्षकांनी त्या वेळात अडखळणाऱ्या चार-पाच मुलांना जवळ घेऊन सराव द्यावा. पुस्तकं निवडायची मुभा मुलांना असू दे. चित्रकथा, खेळाडूंच्या गोष्टी, विक्रमांची पुस्तकं, काहीही. अडखळणाऱ्या मुलांसाठी सोप्या भाषेतली पण त्यांच्या वयाला शोभणारी पुस्तकं मुद्दाम शोधून ठेवा. बारा वर्षांच्या मुलाच्या हातात सशा-कासवाची गोष्ट दिलीत तर तो ते पुस्तक बाकाखाली लपवेल.

मोबाइलबद्दल थोडक्यात. पालकांचं सगळंच चूक नाही. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या विश्लेषणात पडद्यापेक्षा कागदावर वाचलेलं जास्त समजतं असं दिसलं, आणि हा फरक माहितीपर मजकुरात होता, कथांमध्ये नव्हता. तेव्हा धडे आणि टिपणं छापील कागदावर द्या. पण जोडाक्षर न ओळखणं किंवा 'परंतु' न कळणं हा मोबाइलचा दोष नाही. तो काढून घेतल्याने ते शिकवून होणार नाही, हे पालकसभेत जरूर सांगा. पालकांना काम द्यायचं तर एक द्या. मुलाने शाळेत तयार केलेला उतारा रात्री एकदा ऐकायचा आणि मध्ये न टोकता शेवटी विचारायचं, "यातलं मला एक काही तरी समजावून सांग." ज्या पालकांना स्वतःला वाचता येत नाही, त्यांनाही हे करता येतं.

काही मुलं तीन-चार महिने असा नेमका सराव करूनही शब्दांपाशीच राहतील. अक्षरांची अदलाबदल, प्रत्येक ओळीला प्रचंड कष्ट, शुद्धलेखनात एकच शब्द चार प्रकारे, आणि तोंडी मात्र हुशारीने बोलणं, असं चित्र दिसलं तर आधी डोळे आणि कान तपासून घ्यायला सांगा. मग अध्ययन अक्षमतेची तपासणी तज्ज्ञांकडून व्हायला हवी, हे मुख्याध्यापकांमार्फत पालकांना सांगा. निदान तुम्ही करू नका, आणि निदानाची वाट बघत मदतही थांबवू नका. तपासणी होईपर्यंत प्रश्नपत्रिका वाचून दाखवणं, उत्तर तोंडी घेणं, थोडा जास्त वेळ देणं एवढं तुमच्या तासाला तुम्ही करू शकता.

राहिला अभ्यासक्रम. शब्द तोडायची पाच मिनिटं आणि परिच्छेद सोडवायची दहा मिनिटं कुठून आणायची? माझ्या मते उत्तरं लिहून देण्याच्या वेळातून. बहुतेक शाळांमध्ये धडा संपला की प्रश्नोत्तरं फळ्यावर लिहून दिली जातात आणि मुलं ती उतरवतात. एका धड्याला त्यात एक-दोन तास सहज जातात, आणि त्या तासांत कुणीही काही वाचत नाही, विचार करत नाही. ते बंद करायला पालकांकडून आणि कदाचित सहकाऱ्यांकडूनही विरोध होईल. एकदम बंद करू नका. पहिल्या सत्रात एका धड्याची उत्तरं मुलांना जोडीने, पुस्तक उघडं ठेवून, स्वतःच्या शब्दांत लिहू द्या. ती तुम्ही तपासा आणि पालकसभेत जुन्या वहीशेजारी ठेवून दाखवा.

ऐकताना केलेल्या खुणांची एक वही ठेवा. मुलाचं नाव, तारीख, अडलेले शब्द, सांगितलेलं काय आणि सुटलेलं काय. दिवाळीच्या किंवा सहामाही सुट्टीआधी नवे दोन उतारे घेऊन त्याच मुलांना पुन्हा ऐका. आणि ती वही भाषेच्या, इतिहासाच्या, गणिताच्या शिक्षकांपुढे ठेवा. शाब्दिक उदाहरणं न सुटण्याचं कारण गणितात नसून वाक्यात आहे, हे गणिताच्या शिक्षकांना त्या वहीतून चटकन दिसेल. पुढच्या सत्रात आणखी एका विषयाचा तास तुमच्या बाजूला आला, तर त्या मुलीला आठवड्यातून दुप्पट वेळा तयारीने वाचायला मिळेल.

तुमची,
सल्लागार ताई